पाहुण्यांना शिकवलेला डाव

"पहिल्यांदा उतरताना आकड्यांची बेरीज करून तीस भरलेच पाहिजेत. एकोणतीसही चालायचे नाहीत," सासरे पाहुण्यांना बजावत होते. चहा घेऊन आलेली सून दारातच थबकली.

चार वर्षांत हे वाक्य या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सोंगट्यांच्या रमीचा डबा कपाटावर पडून होता. सासूबाई त्याच्या आजूबाजूची धूळ पुसत, डब्याला हात लावत नसत. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, गेला आणि चौघांचा खेळ तिघांवर आला. तिघांनाही पुरलं असतं, पण काढणार कोण? आज मात्र पाहुणे येऊन टेकतात न टेकतात तोच सासरे स्टुलावर चढले होते.

पाहुणे म्हणजे सून नोकरी करत होती त्या चष्म्याच्या दुकानातले काचा घासणारे एक कारागीर. "दुकानातले आहेत, सहज येणार आहेत," एवढंच तिने घरी सांगितलं होतं. त्यात सहज काहीच नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. वर म्हणाले होते, "आधी घरच्यांना भेटतो. त्यांना दुखवून मला काही नको." तेव्हापासून तिचं इकडे आड, तिकडे विहीर झालं होतं. मुलगा गेल्यावर या दोघांनी तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. आता आपणही उठून जायचं?

"खेळलात कधी?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे हो. रमी म्हणजे पत्त्यांची, एवढंच ऐकून आहे."

"पत्ते वाऱ्याने उडतात. ही सोंगटी हातात घेऊन बघा, वजन बघा तिचं!"

सासऱ्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली होती. प्रत्येक गोष्ट सुटी करून दाखवायची त्यांना सवय. चार रंग, एक ते तेरा आकडे, प्रत्येक सोंगटी दोनदा, वर दोन जोकर. सगळ्या पालथ्या घालून ढवळायच्या. चौदा उचलायच्या, आपापल्या लाकडी पट्टीवर उभ्या करायच्या. एका रंगाचे ओळीने तीन आकडे जमवा, नाहीतर तीन रंगांत एकच आकडा. ज्याची पट्टी आधी रिकामी होईल, तो सुटला. काही जमलं नाही, तर ढिगातली एक उचलायची आणि गप्प बसायचं.

"गप्प बसणं यांना कधी जमलं नाही," सासूबाई म्हणाल्या. सुनेने चमकून पाहिलं. सासूबाईंनी स्वतःची पट्टी पुढ्यात ओढली होती.

मग तीही बसली. सोंगट्या ढवळल्याचा तो खडखडाट झाला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, आणि तिला लग्नानंतरचा पहिला आठवडा आठवला. याच टेबलाशी सासऱ्यांनी तिला हेच नियम सांगितले होते. नवरा हळूच तिच्या पट्टीत डोकावायचा. सासरे न बोलता त्याचा कान धरून तोंड दुसरीकडे फिरवायचे. त्या दिवशी ती इतकी हसली होती की नव्या घराची भीतीच गेली. पुढे कितीतरी दुपारी असे डाव रंगले. हरणाऱ्याने चहा करायचा. नवरा चहा फार वाईट करायचा, म्हणून सगळे मिळून त्याला जिंकवायचे.

"मांडलेलं मोडलं तर चालतं का हो?" पाहुण्यांनी मध्येच विचारलं.

सासऱ्यांचे डोळे लकाकले. "बरोबर विचारलंत! खरा खेळ तिथेच आहे. हे चार चौके बघा. यातला निळा काढला तरी मागे तीन उरतात. तुमच्याकडे निळा पाच, निळा सहा आहे? मग लावा त्याला. कुठे दोनच उरल्या, एकटी पडली, असं मात्र होता कामा नये."

"अरे वा!" पाहुणे जादू पाहिल्यासारखे म्हणाले.

सासरे खुर्चीत पुढे सरकले. त्यांची बोटं टेबलावर नाचत होती. आवाज चढला होता. बायकोची चूक काढून झाली, सुनेची काढून झाली, पाहुण्यांच्या तर चुकाच चुका. दोन तास कसे गेले कळलंच नाही. पाहुणे तिन्ही डाव हरले. निघताना म्हणाले, "अजून पुष्कळ शिकायचं राहिलंय," आणि सासूबाईंना वाकून नमस्कार करून गेले.

त्यांना फाटकापर्यंत सोडून सून परत आली. पुन्हा धीर झाला नसता, म्हणून उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, आई, मला एक सांगायचंय."

"आम्हाला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "सहज येणारा माणूस बुटांना पॉलिश करून येत नाही."

सुनेचे डोळे भरून आले. "मी अजून हो म्हटलेलं नाही. तुमच्या मनात नसेल, तर विषय संपला. खरंच."

सासरे सोंगट्या डब्यात भरत होते. पाहुण्यांची पट्टी अजून तशीच होती, सासऱ्यांकडे पाठ करून. त्यांनी ती फिरवली. पट्टीवर एकच सोंगटी उरली होती. सासऱ्यांनी ती उचलून सुनेच्या तळहातावर ठेवली. जोकर होता.

"हा तर कुठेही लागतो," ती गोंधळून म्हणाली. "हा लावून ते केव्हाच सुटले असते."

"पहिल्याच डावात कळलं मला. सोंगट्या लावताना त्याचे हात बघितले मी. माझ्याहून चांगला खेळतो तो." सासऱ्यांनी डब्याचं झाकण हलकेच बसवलं. "पण म्हाताऱ्याला पुन्हा कुणाला तरी शिकवायला मिळावं म्हणून दोन तास ढ होऊन बसला. अशा माणसाला ताटकळत ठेवू नये, पोरी."