निम्म्या रानातलं पाचट

संघप्रियानं तपासणीचे दोन्ही कागद केरबापुढं ठेवले आणि विचारलं, "मामा, एकाच रानात दोन तऱ्हेचा भात कसा पिकला?"

केरबानं कागदांकडं पाहिलंच नाही.

इचलकरंजीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी त्याचं दीड एकर रान. पावसाळ्यात तिथलं पाणी दोन-अडीच महिने हटत नाही. ऊस तुटला की त्याचं पाचट, म्हणजे मागं उरलेला वाळका पाला, गाडायचं आणि वर भात घ्यायचा, ही वडलांपासूनची रीत. गेल्या उन्हाळ्यात माती तपासणारी संघप्रिया पेठ वडगावहून आली. या पट्ट्यातल्या मातीत आर्सेनिक आहे, म्हणाली. एरवी माती ते धरून ठेवते. पण तुंबलेल्या पाण्याखाली पाचट कुजलं की ते सुटतं आणि मुळांवाटे दाण्यात जातं. कोरड्या रानात खुशाल गाडा, इथलं मात्र उचला, असं ती घरोघर सांगत फिरली. लोक हसले. पुरावा दाखवा म्हणाले. एकटा केरबा हो म्हणाला.

आता त्याच्या रानाच्या चार कोपऱ्यांतल्या भाताचा अहवाल आला होता. उगवतीकडचे दोन नमुने निर्धोक. मावळतीकडच्या दोन्हींत आर्सेनिक सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून जास्त. आपलंच कुठंतरी चुकलं असं समजून संघप्रियानं पुन्हा तपासणी केली होती. आकडे हलले नाहीत. उद्या ग्रामपंचायतीत काय सांगायचं, हे तिला कळेना.

सून चहा घेऊन आली. संयोगिताला सातवा महिना लागला होता. नवा भात अजून पोत्यांतच होता, पुढच्या आठवड्यात गिरणीवर न्यायचा होता. केरबानं सुनेकडं पाहिलं आणि त्याला राहवेना.

"चूक झाली, मॅडम. तोंडानं व्हय म्हटलं, पर मन घेईना. मावळतीच्या अंगाचं पाचट मी उचललंच न्हाय. हितंच गाडलं."

दोन्हीकडची मळणी वेगळ्या दिवशी झाली होती, पोतीही वेगळी होती. मावळतीकडचा एक दाणाही घरात शिजणार नाही, असं तो म्हणाला. तुम्ही आला नसता तर हे पोरीच्या पोटात गेलं असतं, असंही म्हणाला. त्यानं हात जोडले आणि आता बोलणी खायची म्हणून मान खाली घातली.

संघप्रियानंही हात जोडले.

"मामा, विषारी भात पिकवून दाखवा, असं मी कुणाला सांगू शकले असते? तुम्ही माझं सगळं ऐकलं असतं, तर उद्या गावापुढं ठेवायला माझ्याकडं काहीच नसतं."