खुंटीवरचे बिल्ले

आमच्या कारखान्यात सलाईनच्या नळ्या विषारी वायूने निर्जंतुक करतात. वायू मोजायला प्रत्येकीने अंगावर बिल्ला लावायचा असतो. आकडा वाढला की काम बंद पडतं, म्हणून मुकादमबाई दारातच ओरडायच्या, “बिल्ले खुंटीवर, पोरींनो!” अकरा वर्षं आम्ही ते इमानेइतबारे बाहेर टांगले. परवा डॉक्टर म्हणाले, “हा वायू पेशीतल्या डीएनएला चिकटतो. मग पेशी स्वतःची नक्कल चुकीची काढते. तुमचा रक्ताचा कॅन्सर त्यातूनच.” आज भरपाई मागायला गेले, तर कारखान्याच्या साहेबांनी फाईल पुढे सरकवली. “ताई, अकरा वर्षं तुमच्या बिल्ल्यावर शून्य! आमचा काय संबंध?” कपाळ माझं! मी तडक बाहेर आले, खुंट्यांवरचे सगळे बिल्ले काढले आणि आत यंत्राच्या दाराला लटकवले. मुकादमबाई बघत होत्या. वाटलं, ओरडतील. त्यांनी कपाटातून स्वतःचा बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. “हाही लाव. माझा रक्ताचा रिपोर्ट तुझ्याआधी आलाय.”