दौलतरावांचे संवाद

"काका, तुम्हाला जगणं नकोसं झालंय का?"

गणराजने हातातल्या कार्डावरचा प्रश्न अडखळत वाचला. समोरच्या खुर्चीत बसलेले दौलतराव जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "व्हय. लई दिस झालं."

कॅन्टीनमध्ये चाळीस कामगार माना पुढे काढून ऐकत होते. आत्महत्या रोखण्याच्या प्रशिक्षणाची ही आजची तिसरी आणि शेवटची बॅच. चाकणच्या या कारखान्यात लाइन दहा मिनिटं थांबली तरी वरून फोन येतो, आणि आज चक्क तीन तास मिळाले होते. ते मिळायला एक माणूस जावा लागला होता.

पेंट शॉपमधला किसन. दिवाळीनंतर त्याने जीव दिला. त्याआधी तो दोनदा वर्षालीच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता. वर्षाली एचआर बघायची. दोन्ही वेळा तिने कॉम्प्युटरवरून नजर न काढता सांगितलं होतं, "उद्या या." तेव्हापासून हे दोन शब्द तिला खात होते. कोणी कितीही समजूत घातली तरी फरक पडत नव्हता.

आता तिची नजर गणराजवर होती. बीडकडचा पोरगा, भोसरीत भाड्याची खोली. चार महिने एकटा जेवायचा, कोणाशी बोलायचा नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र एकदम शांत, हसरा. खोलीतली कॉट आणि शेगडी त्याने मित्रांना वाटून टाकल्याचं तिच्या कानावर आलं होतं. प्रशिक्षक विजयश्रीने सकाळीच फळ्यावर लिहिलं होतं : माणूस एकाएकी शांत होतो, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकतो. ते वाचताच वर्षालीला गणराज आठवला होता. प्रश्न विचारायला तिने मुद्दामच गणराजला पुढे बोलावलं होतं.

दौलतरावांची निवड मात्र अशीच झाली होती. प्रशिक्षणातल्या छोट्या नाटकात दुःखी माणसाचं काम करायला एकही कामगार तयार नव्हता. सोमवारी दौलतराव काहीतरी कामासाठी टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभे होते. "काका, तुम्हीच करा की," ती म्हणाली आणि त्यांच्या हातात वेळापत्रक देऊन मोकळी झाली. ते गेटवरचे वॉचमन, ठेकेदाराच्या एजन्सीचे. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळे लाइन अडायचाही प्रश्न नव्हता.

"घरी कोण असतं, काका?" गणराजने पुढचा प्रश्न वाचला.

"कोन न्हाई. पर भाकरी अजून दोघांच्याच थापतो. हाताला सवय हाय. एक खातो, दुसरीकडं बघत बसतो."

मागे कोणीतरी नाक ओढलं. तिन्ही बॅचना या वाक्यावर असंच झालं होतं. पण या वेळी दौलतरावांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि गणराजच्या हातावर ठेवलं. "हे ठेव, पोरा. सासऱ्यानं लग्नात दिलंय. मला आता टायम बघून काय करायचंय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "कसला ॲक्टर हाय राव म्हातारा!" कोणीतरी ओरडलं. दौलतराव उठले, टोपी नीट केली आणि गेटकडे गेले.

पाऊण तासाने वर्षालीने गणराजला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. फोन बंद केला. थेट विचारायचं, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, असं विजयश्रीने शिकवलं होतं.

"गणराज, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?"

"माझ्या? न्हाई हो, मॅडम!"

"मग कॉट, शेगडी?"

त्याने दाराकडे बघून आवाज उतरवला. "कुणाला सांगू नका. वनरक्षक म्हणून निवड झालीय माझी. गेल्या आठवड्यात यादी लागली. जेवणाच्या सुट्टीत अभ्यास करायचो, म्हणून एकटा बसायचो. आधी कळलं तर कंपनी सोडताना कागद अडवतात, म्हणून बोललो न्हाई."

वर्षालीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. किती महिन्यांनी छातीवरचा दगड हलला होता.

जाताना गणराजने टेबलावर घड्याळ ठेवलं. "दौलतकाकांचं. गेटवर परत द्यायला गेलो, तर घेईनातच. म्हणाले, दिलं ते दिलं. आन् चारच्या बसनं गेले बी."

"काका अजून नाटकातच आहेत," वर्षाली डोळे पुसत म्हणाली. "ठेव इथे. उद्या देते."

तिने घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं.

गणराज बाहेर पडला आणि विजयश्री हजेरीचे कागद घेऊन सहीसाठी आत आली. फार खूश होती.

"मानलं हं तुम्हाला," ती म्हणाली. "सगळीकडे संवाद तिथले एचआरवालेच लिहितात, पण अगदी पुस्तकी असतात. तुम्ही दौलतरावांना ते भाकरीचं काय सुंदर लिहून दिलंत! आणि शेवटी ते घड्याळ!"

वर्षालीचा सही करणारा हात थांबला.

"मी कुठे लिहिलं? मला वाटलं, संवाद तुम्ही दिलेत."