स्वच्छता पंधरवडा अहवाल

“वारुळेभाऊ, कॉम्प्युटर असावा तर तुमच्यासारखा! आमच्या डाउनलोडमध्ये नुसता उकिरडा,” शेंडगेबाई म्हणाल्या.

वारुळे मिशीत हसले. डाउनलोड केलेल्या भुताच्या मालिकेचे सात भाग त्यांनी ‘स्वच्छता पंधरवडा अहवाल’ नावाच्या फोल्डरमध्ये लपवले होते. सरकारी कचेरीत अहवाल लिहितात सगळे, वाचतो कोण लेकाचा?

तेवढ्यात तपासणीला आलेले मोठे साहेब वारुळेंच्याच खुर्चीमागे येऊन थांबले आणि त्यांनी स्क्रीनवरचं फोल्डरचं नाव वाचलं. “वा! हा अहवाल द्या बरं पेनड्राइव्हवर. निवांत बघतो.”

वारुळेंच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्याच महिन्यात बढतीची यादी लागायची होती. “साहेब, तो अजून कच्चा आहे...”

“असू द्या हो. बाकीच्यांकडे कच्चासुद्धा नाही!”

आठवडाभर वारुळेंना घास गिळवेना. बायकोला त्यांनी सांगूनच टाकलं, “बढती विसर. नोकरी टिकली तरी सत्यनारायण घालू.”

सोमवारी साहेबांचं पत्र आलं. शेंडगेबाईंनीच ते मोठ्यांदा वाचलं, “अहवालाचे सातही भाग एका बैठकीत संपवले. मांडणी खिळवून ठेवणारी आहे. वारुळे यांच्या बढतीची शिफारस करत आहे. आठवा भाग त्वरित सादर करावा.”