ऐकून घेईपर्यंत

“वयनी, बघा पोरीच्या दप्तरात काय घावलं.” बाळासोनं पुस्तक महानंदाच्या पुढ्यात टाकलं. “शाळेत असली घाण वाचाय देत्यात. उद्या त्या बाईच्या तोंडावर मारून या.” वहिनीला एवढं सांगून तो पानपट्टीकडं गेला.

महानंदा मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिनं मशीन बंद केलं. कबनूरच्या त्या बोळात शेजारचे माग खडखडत राहिले. माहेरी तिची शाळा कानडीत झालेली, तीही चौथीपर्यंत. मराठी बोलता येई, वाचता येत नसे. पुस्तकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी आरशासमोर उभी होती.

“मोना, हिकडं ये. काय लिवलंय वाच.”

बारा वर्षांची मोना भिंतीला टेकून बसली आणि वाचू लागली. उंची का वाढते. काखेत केस का येतात. मग पाळीचं पान आलं. रक्त दिसलं तरी घाबरायचं नाही, हा आजार नाही, असं त्यात होतं. महानंदा मन लावून ऐकत होती. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आता आपण मरणार असं वाटून ती दिवसभर उसात लपून बसली होती.

“ह्यात घाण कुठं हाय?” ती म्हणाली. “चांगलं तर लिवलंय. वाच पुढं.”

मोनानं पान उलटलं आणि ती पुस्तक मिटू लागली.

“वाच की.”

“‘कुणी तुमच्या अंगाला नको तिथं हात लावला,’” मोना एकसुरात वाचू लागली, “‘तर त्यात तुमची चूक नसते. तो माणूस घरातला असला तरी मोठ्यांना सांगा.’”

महानंदानं लेकीकडं पाहिलं. मग रिकाम्या दाराकडं.

“काका?”

मोनानं मान वर केली नाही. तिचं बोट खालच्या ओळीवर होतं. “‘पहिल्या माणसानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. कुणीतरी ऐकून घेईपर्यंत सांगत राहा.’”

“मला का न्हाय सांगटलंस?”

“सांगटलं हुतं. गौरी आल्या त्या दिवशी. तू म्हणलीस, काका हाय, लाडानं घेत असंल जवळ. पुन्यांदा असलं बोललीस तर तोंड फोडीन म्हणलीस.”

महानंदाला आठवलं. ती भाकरी थापत होती. वळून बघितलंही नव्हतं.

तिनं विचारलं, “मग दुसरं कुणाला सांगटलंस?”

“न्हाय. पुस्तक परवाच मिळालंय.”

महानंदा उठली. पुस्तक तिनं पदराखाली घेतलं.

“बाईंचं घर म्हाईत हाय?”

“चौकात. औषधाच्या दुकानावर.”

“चल.”

पायरीवर बाळासो आडवा आला. तोंडात पान होतं. “कुठं निघालासा?”

“बाईंकडं.”

“हां! चांगली खडसवा तिला.” तो बाजूला झाला.

बोळात आल्यावर महानंदानं लेकीपुढं हात केला. मोनानं तो धरला नाही. वाट तिलाच ठाऊक होती. ती दोन पावलं पुढं राहून चालू लागली.