गव्हाचं सत्त्व

डॉक्टरांनी गाईला हात लावायच्या आधी गोठ्यात पडलेल्या शेणाकडे पाहिलं आणि धाकटी जाऊ झाडू घेऊन पुढे धावली. मी उचलते, तुम्ही गाय बघा, म्हणाली. डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवलं.

मोठ्या जावेचा जीव टांगणीला लागला होता. ही गाय तिने वासरू असल्यापासून वाढवलेली. दूध कमी झालं तशी ती तिला वैरणीबरोबर गहू घालू लागली. गव्हात मक्याइतकीच ताकद, प्रथिनं तर जास्तच, असं तिने रेडिओवर ऐकलं होतं आणि रेडिओवर तिचा विश्वास होता. सासऱ्यांचा नव्हता. महिना झाला तरी चरवी अर्धीच भरत होती. गहू खाणारा हा पांढरा हत्ती आता विकायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. डॉक्टर आज आले ते मोठीने हातापाया पडून बोलावले म्हणून.

धाकटीच्या कोंबड्यांना मात्र बरकत आली होती. अंडी ठेवायला टोपल्या पुरेनात. रोज सकाळी घरभर आम्लेटचा वास सुटायचा आणि मोठी तर दोनदा वाढून घ्यायची. एरवी कामाला हात न लावणारी धाकटी हल्ली न सांगता गोठा झाडायची, शेण उचलून थेट खुराड्यामागे नेऊन टाकायची. गाय विकू नका म्हणून सगळ्यांत जास्त रडलीही तीच. मोठीला तिचं फार कौतुक वाटायचं.

डॉक्टरांनी काडीने शेणाचा पो उकरला. आत गहूच गहू.

"गाय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पण दाणा अख्खा जातोय आणि अख्खाच बाहेर पडतोय. अंगी लागणार कसा? भरडून घाला. तोही बेताने, नाहीतर पोट बिघडेल."

एवढ्यात एक कोंबडी त्यांच्या पायांमधून आली आणि दाणे टिपू लागली. मागोमाग बाकीच्या आल्या. सासऱ्यांनी दाव्यावरचा हात गुपचूप काढून घेतला.

मोठीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती सावकाश धाकटीकडे वळली.

"गहू भरडला की सत्त्व जातं, अख्खाच घाला, असं मला कोण म्हणालं होतं गं?"

धाकटीने झाडू पाठीमागे लपवला.

"सत्त्व जातंय कुठं, ताई? रोज सकाळी दोनदा वाढून घेता की तुम्ही."