कोमट पाणी

पाइप जड होता, पण धाकटीने कुणाला हात लावू दिला नाही. बांधावरून ओढत आणून तिने त्याचं तोंड आपल्या तळ्यावर टेकवलं आणि हलू नये म्हणून वर दोन दगड ठेवले.

"अगं, मी ठेवतो ना," नवरा म्हणाला.

"इतकी वर्षं तुम्ही ठेवताच आहात. हात कमरेवर."

नवरा दोन पावलं मागे सरला. बायकोच्या थोरल्या जावेचा विषय असला की मध्ये पडू नये, एवढं तो संसारात शिकला होता.

वरच्या माळावर ती खिडक्या नसलेली लांबलचक इमारत उभी राहिली, तेव्हापासून हे चाललं होतं. इमारतीत माणसं कमी आणि यंत्रंच फार. जगभरातल्या लोकांचे फोटो, गप्पा, लग्नाचे व्हिडिओ त्यांत ठेवलेले असतात म्हणे, आणि ते सांभाळता सांभाळता यंत्रं तापतात. त्यांना गार करून झालं की उरलेलं पाणी खाली सोडतात. ते पहिल्यापासून थोरलीच्या तळ्यात जाई, कारण तिचं तळं इमारतीला जवळ. धाकटीला हे कारण कधीच पटलं नाही.

दोन्ही तळी सासऱ्यांनी एकाच वर्षी खणली होती आणि दोन मुलांना एकेक दिली होती. तसूभर कमीजास्त नाही. पण ते कोमट पाणी आलं आणि थोरलीचे मासे हिवाळ्यातसुद्धा अंग धरू लागले. धाकटीचे थंडीत तळाशी जाऊन बसत, जणू रुसलेले पाहुणे. थोरलीच्या दारात शहरातून गाडी यायची. धाकटी आपली पाटी घेऊन बाजारात बसायची; रोजचं गिऱ्हाईक म्हणजे एक कोपऱ्यावरची शिंपीण.

तेही तिने एक वेळ सोसलं असतं. पण थोरलीचं तळं म्हणजे काचेचं भांडं. शेवाळाचा कण नाही, बांधावर डास नाही. आणि इकडे बघावं तर हिरवा चिखल, गोगलगायी, रात्रभर बेडकांचा गोंधळ. वर बगळे काठावर ठाण मांडून तिचेच मासे मटकावणार.

"मेल्यांना माझंच घर सापडतं," ती म्हणायची. "श्रीमंताघरी जायला लाज वाटते."

जावा एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणतात. धाकटी तर रोज सकाळी बांधावर उभी राहून थोरलीला खरोखरच पाण्यात पाहायची. मग तिला चहा गोड लागत नसे. हेवा वाटतो हे तिने कुणापासून लपवलंही नाही. लपवायचं कशाला? अन्याय तो अन्याय.

शेवटी ती इमारतीतल्या साहेबापुढे जाऊन उभी राहिली. "वाटणी सारखी झाली, मग पाणी एकीलाच का?" साहेब म्हणाला, आम्हाला काय, पाणी कुठंतरी गेल्याशी कारण. तुमच्या जाऊबाईंची हरकत नसेल तर पाइप वळवा. ती निघताना त्याने बजावलं, "पाइपात शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषध घालतो आम्ही, एवढं लक्षात असू द्या."

घ्या, म्हणजे औषधसुद्धा तिलाच फुकट! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोरलीकडे ती पदर खोचूनच गेली. चार टोमणे तर वाटेतच घोकून ठेवले होते. थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ने की. मला नकोच आहे."

टोमणे तोंडातल्या तोंडात राहिले. भांडल्याशिवाय मिळालेली वस्तू धाकटीला गोड लागेना. यात काहीतरी पाणी मुरतंय, असं तिला रात्रभर वाटत राहिलं. पण हेव्यापुढे शंका टिकत नाही. सकाळ होताच ती पाइपाला भिडली.

तिने व्हॉल्व्ह फिरवला. पाइप खोकला, थरथरला, आणि कोमट पाणी धो धो तळ्यात पडू लागलं. धाकटीने काठावर बसून पाय पाण्यात सोडले. छान ऊब होती. अंगातली सगळी जळजळ त्या उबेत विरघळतेय असं तिला वाटलं. आता माझ्याही दारात गाडी येईल, ती मनाशी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

तेवढ्यात बांधावरून थोरली पळत येताना दिसली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

"बंद कर! आधी ते बंद कर!"

आली, धाकटी मनात म्हणाली. दिलेलं परत मागायला आली. "का हो ताई? तुमच्याकडे पडत होतं तेव्हा नाही ओरडलात?"

थोरलीला धाप लागली होती. ती धाकटीकडे बघतच नव्हती. तिची नजर पाइपापासून पसरत चाललेल्या पाण्यावर होती.

"मला वाटलं, तू पलीकडे नवं तळं खणशील. हे तळं कोण घालवेल गं?"

"घालवेल म्हणजे? तुमचे मासे बघा आणि माझे बघा!"

"ते मी विकते."

"मग?"

मागे पाणी पडतच होतं. थोरलीने पदराने तोंड पुसलं.

"बाजारात तुझ्या पाटीतले मासे ती कोपऱ्यावरची शिंपीण नेते ना रोज, ते माझ्या घरी येतात. माझ्या तळ्यातला मासा मी माझ्या पोरांना एकदाही वाढलेला नाही."